वरचा आणि खालची

९ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता लिफ्टवाल्याकडून लिहून घेतला. लग्नाला चार वर्षं होत आली तरी माझ्या नवऱ्याला तू ठेवलेलं नावच घरात चालतं. हल्ली आईसुद्धा जावयाला तोंडावर लिफ्टवाला म्हणते. तोही ओ देतो. दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्टच दुरुस्त करतो म्हटल्यावर बिचारा नाही कशाला म्हणेल?

फोन तू उचलत नाहीस. जुळं आहे असं मी सांगितलं, तू ‘छान’ म्हणालीस आणि ठेवलास, तो शेवटचा. मी रागावलेली नाही. तुझ्या जागी मी असते तर छानसुद्धा म्हणाले नसते.

एक विचारायचं आहे म्हणून लिहितेय. तुझं बाळ गेलं, ते सगळं सुरू होण्याआधी तुझ्या पोटात दुखलं होतं का? कळा आल्या होत्या का? इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आई किंवा बहीण यांच्यापैकी कुणाचं बाळ मधेच गेलंय का. मी म्हटलं, बहिणीचं, पाचव्या महिन्यात. त्यांनी लगेच विचारलं, दुखून की न दुखता? मला सांगता आलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘आता ते कशाला उकरायचं?’

इथल्या म्हणजे हॉस्पिटलातल्या. घाबरू नकोस. नेहमीची सोनोग्राफी होती, त्यात पिशवीचं तोंड जरा आखूड दिसलं, म्हणून एक छोटासा टाका घातलाय आणि आरामाला ठेवून घेतलंय. मी मजेत आहे. खिडकीजवळची खाट मिळाली आहे. समोर इस्त्रीचं दुकान आहे, त्यामुळे या गल्लीतल्या सगळ्यांचे शर्ट मला आता पाठ झालेत.

एका ओळीत कळवलंस तरी चालेल. भावजींना नमस्कार.

तुझी
ठकी


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. ‘दुखलं नव्हतं. पाठ जड वाटत होती, एवढंच.’ इतक्या दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं आणि किती तरी वेळ त्यातला ‘पाठ’ हा शब्दच वाचत बसले.

तू खरं लिहिलंस, तर मीही हातचं राखून ठेवत नाही. मागच्या पत्रात मी तुला बरंच काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी सकाळी दुकानात होते. चष्म्याच्या काचा घासून झाल्या, दोन फ्रेममध्ये बसवल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोनोग्राफीला गेले. मला काहीही होत नव्हतं. ओटीपोटात थोडं जड वाटत होतं, पण दोन-दोन पोरं पोटात असल्यावर जड वाटणार नाही तर काय? मशीनवरची मुलगी आधी खूप बोलत होती. एक बाळ वर आहे, ते फिरतंय, एक खाली आहे, ते झोपलंय. मग ती बोलायची थांबली आणि बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

त्यांनी तपासलं. मग स्टूल ओढून माझ्या डोक्याशी बसल्या. डॉक्टर स्टूल ओढून बसले की समजावं.

‘पिशवीचं तोंड उघडलंय,’ त्या म्हणाल्या. ‘नुसतं आखूड नाही, उघडलंय. खालच्या बाळाची पाण्याची पिशवी तिथून डोकावतेय.’

मी म्हटलं, ‘पण मला दुखत नाही.’

‘हो. यात दुखतच नाही. तेच तर वाईट आहे.’

नववा महिना लागेपर्यंत जे तोंड घट्ट बंद राहायला हवं, ते काहींचं आधीच सैल पडतं. जुळ्यांत ओझं दुप्पट. काही न करता वाट पाहिली तर बहुतेक दोन्ही बाळं काही दिवसांत जातील, असं त्यांनी सांगितलं. इतक्या लहान बाळांना पेटीत ठेवूनही उपयोग नसतो. टाका घालून तोंड आवळलं तर काही आठवडे मिळू शकतात. पण टाका घालतानाच पिशवी फुटू शकते, आणि मग त्याच दिवशी सगळं संपतं. जुळ्यांत सगळ्यांनाच टाका घालत नाहीत, एरवी त्याचा फायदा होतोच असंही नाही. पण तोंड एवढं उघडल्यावर त्यांच्या मते घालावा. ‘ठरवायचं तुम्ही,’ म्हणाल्या.

फोन करून बोलावलेले लिफ्टवाला आणि आई तोवर पोचले होते. लिफ्टवाला सिमेंटसारखा राखाडी झाला होता. आई म्हणाली, ‘सुई लावू नका. एकदा हात घातला की राहायचं तेही राहत नाही. पडून राहू दे तिला, मी बघते.’

मी आईचं ऐकणार होते, ताई. तिचा आवाज असा असतो की आपण आपोआप लहान होतो, हे तुला मी काय सांगू? पण खालचीनं तेवढ्यात लाथ मारली. मुलगी की मुलगा हे इथे कुणी सांगत नाही, पण मी मुलगीच धरलीय. फार जोराची नाही, बोटानं टिचकी मारावी तशी. मी म्हटलं, टाका घाला.

आधी रक्त तपासलं, जंतू नाहीत ना, कळा नाहीत ना, हे बघत एक दिवस थांबवलं. मग कमरेखाली बधिर करून टेबल असं कलवलं की माझं डोकं खाली आणि पाय वर. डोकावणारी पिशवी आपल्या वजनानं आत सरकावी म्हणून. डोळ्यांत सगळं रक्त उतरलं होतं. वरचा दिवा मला दोन-दोन दिसत होता आणि मी मनात म्हणत होते, नंबर वाढलाय बाई तुझा. पिशवी फुटली नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मास्क काढला, तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ते पाहून मला कळलं की किती थोडक्यात निभावलं.

आता महत्त्वाचं. तुझं कार्ड मी त्यांना दाखवलं. आई खाटेशी टॉवेलच्या घड्या घालत होती. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पण न दुखता, पाचव्या महिन्यात, म्हणजे बहुधा बहिणीचंही हेच असणार. घराण्यात असू शकतं.’

मी विचारलं, ‘ती पोहायला शिकवते. तेव्हा तलावात उतरत होती.’

‘पोहण्यानं हे होत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पुन्हा दिवस राहिले तर सुरुवातीपासून लक्ष ठेवायला सांगा. तिच्या डॉक्टरांना आधीच कळू दे.’

आईनं घातलेली घडी उलगडली आणि पुन्हा घातली. तुझ्या खाटेशी उभी राहून ती काय म्हणाली होती ते तू विसरली नसशील. ‘पाण्यात उतरू नकोस म्हणून घसा फोडून सांगितलं होतं.’ मी हे तुला लिहितेय कारण हे तुला कळायला हवं, दुसरं काही नाही.

ठकी


१४ मार्च

ताई,

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहिणार. मला दुसरा उद्योग नाही.

दर आठवड्याला डॉक्टरीणबाई म्हणतात, ‘आणखी एक आठवडा खिशात.’ सव्विसावा चाललाय. खाली आहे ती मुलगी, वर आहे तो मुलगा, असं आम्हीच ठरवून टाकलंय. आम्ही त्यांना वरचा आणि खालचीच म्हणतो, ठोके तपासणाऱ्या मोठ्या सिस्टरांनीही तेच उचललं. वरचा सुखी जीव आहे. वजनानं जास्त, ठोके घड्याळासारखे, सगळ्या सिस्टरांचा लाडका. खालची म्हणजे दारात उभं राहून भांडणारी. सगळ्यांचा जीव तिच्यावर टांगलेला. पाणी तिचंच फुटेल, टाका तिच्याच डोक्याला लागलाय. वरच्याची काळजी कुणी करत नाही. तो आपला आरामात पाय पसरून.

मला उठून फिरायला परवानगी आहे. नुसतं पडून राहिल्यानं बाळं टिकत नाहीत, उलट पायात गाठी होतात, असं डॉक्टरीणबाईंनी आईला दोनदा सांगितलं. आईनं मान डोलावली, आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, ‘उठलीस तर बघ.’ शेजारच्या खाटेवर एक शिक्षिका आहे, रक्तदाबाची. ती मला खुणेनं सांगते, तुझी आई चहा आणायला गेली, आता चालून घे. मग आम्ही दोघी शाळेतून पळाल्यासारख्या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन येतो.

आईबद्दल एक सांगायचं आहे. ती रोज सकाळी डॉक्टर फेरीला आल्या की काहीतरी निमित्त काढून विचारते, ‘पोहल्यानं होत नाही ना हो?’ पहिल्यांदा मला वाटलं, ऐकू आलं नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग, ‘आणि जिने चढल्यानं?’ मग, ‘जड बादली उचलल्यानं?’ डॉक्टरीणबाई रोज न वैतागता सांगतात, नाही, नाही, त्यानंही नाही. परवा त्यांनी विचारलं, ‘आजी, तुम्ही कुणाबद्दल विचारता?’ आई म्हणाली, ‘एक ओळखीची आहे.’

तिला तुझं नाव घेता येत नाही, ताई. आणि आडवळणानं का होईना, घेतल्याशिवाय राहवतही नाही. हे वाचून तुला राग येईल की काय, मला माहीत नाही.

रोज सकाळी जाग आली की मी आधी हात खाली घालून चादर कोरडी आहे ना ते बघते. हे मी कुणाला सांगत नाही. लिफ्टवाला आला की विनोद करते. काल तो म्हणाला, ‘अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना आम्ही सांगतो, घाबरू नका, दार ओढू नका, आम्ही येतोय.’ मग माझ्या पोटाकडे तोंड करून त्यानं तेच सांगितलं, पुन्हा पुन्हा, शिक्षिकाबाई हसायला लागेपर्यंत. जाताना जिन्यात उभा राहून तो रडला, ते शिक्षिकाबाईंच्या नवऱ्यानं पाहिलं.

ठकी


२९ मार्च

ताई,

झाली दोघं. जिवंत आहेत.

मंगळवारी दुपारी इस्त्रीवाल्याकडे बघत होते आणि चादर भिजली. अठ्ठावीस आठवडे भरायला थोडे दिवस राहिले होते. पिल्लांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं आधीच देऊन झाली होती. कळा आल्या, आणि त्या मात्र दुखल्या, चांगल्याच. टाका कापला. आधी खालची आली, मुलगीच, रडली, म्हणजे मांजराच्या पिल्लानं केला असता तेवढा आवाज केला. मग वरचा, तोही आम्ही धरला होता तसा मुलगाच. तो रडला नाही. त्याला लगेच नळी घातली.

दोघं काचेच्या पेट्यांत शेजारी शेजारी आहेत. खालची किलोच्या आत, वरचा किलोच्या जरा वर. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात. तुझ्या हातात मावतील असं लिहिणार होते, पण तुझ्या हातात काय मावलं असतं हे मला कुठं माहीत? माफ कर. खोडत नाही, खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील.

कोपरापर्यंत हात धुवून आत जायचं. पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून नुसता ठेवायचा, थोपटायचं नाही. थोपटणं त्यांना सोसत नाही. आईला हे जमेना, तिचा हात आपोआप थोपटायला लागतो. मग तिनं उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला.

लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, मुलींपेक्षा मुलांची फुप्फुसं थोडी मागे असतात. मी म्हटलं, तो वजनाला जास्त आहे. ते म्हणाले, ‘हो, आहे.’ काल त्याच्या डोक्याची सोनोग्राफी केली. मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणतात. किती, ते पुढच्या तपासणीत कळेल.

दूध काढून देते. दोघांच्या नळीतून थेंब थेंब जातं.

ठकी


८ एप्रिल

ताई,

वरचा शुक्रवारी गेला.

रक्तस्राव वाढत गेला. मशीनवर अजून काही दिवस ठेवता येईल, पण तो परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्टूल ओढून बसले होते. लिफ्टवाल्यानं विचारलं, ‘त्याला दुखतंय का?’ ते म्हणाले, ‘आम्ही दुखू देत नाही.’ मग आम्ही दोघांनी ठरवलं. कसं ठरवलं ते मी लिहू शकत नाही.

त्यांनी पडदा ओढला, नळ्या काढल्या आणि त्याला माझ्या छातीवर ठेवलं. पहिल्यांदाच. तोपर्यंत मी त्याचा चेहरा नळी आणि चिकटपट्ट्यांशिवाय पाहिलाच नव्हता. नाक लिफ्टवाल्याचं. कपाळावर लव. तो ऊबदार होता. बराच वेळ श्वास घेत होता, मधे थांबायचा, मला वाटायचं संपलं, मग पुन्हा घ्यायचा. लिफ्टवाल्यानं त्याचं पाऊल दोन बोटांत धरलं होतं. दुपारचं ऊन पडद्यावर होतं आणि पलीकडे कुणाच्या तरी पेटीचं मशीन वाजत होतं, सिस्टर येऊन बंद करत होत्या. शेवटचा श्वास कुठला ते मला कळलं नाही. सिस्टरनं कानाला नळी लावून ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जिच्यासाठी आम्ही दोन महिने जीव मुठीत धरून होतो ती शेजारच्या पेटीत झोपली होती. ज्याची कुणाला काळजी नव्हती तो गेला. मला सारखं वाटतं, त्याला कळलं असेल का, की सगळे खालचीकडेच बघत होते.

हे मी आईला म्हटलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, ‘मी टाका घालायला नको होता का? तुझं ऐकायला हवं होतं का?’ मला वाटलं आता ती बोलेल. सांगितलं होतं, असं म्हणेल. मी कान बंद करून घ्यायच्या तयारीत होते.

आई म्हणाली, ‘तुझ्या हातून काही झालेलं नाही. तू काहीही चुकीचं केलं नाहीस. ऐकलंस का? काहीही नाही.’

ताई, हे वाक्य मी ऐकलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की हे तुझं होतं. तीन वर्षं तुझं होतं. ते तुला द्यायचं राहून गेलं आणि माझ्या ओंजळीत आयतं पडलं. मी ते घेतलं. मला गरज होती, म्हणून घेतलं. पण त्या बाकावर तू बसली असतीस तर मी उठून तुला जागा दिली असती.

खालची बरी आहे. नळी निघाली, आता नुसता नाकाशी ऑक्सिजनचा वारा.

ठकी


२६ मे

ताई,

खालचीला सोमवारी घरी सोडणार. दोन किलोच्या वर गेली. अजून दूध पिताना मधेच श्वास घ्यायचा विसरते, मग आपण पाऊल चोळायचं, की तिला आठवतं. डोळे आणि कान तपासायला सारखं यावं लागेल. दोन महिन्यांचं मूल रस्त्यानं दिसलं की मी दुसरीकडे बघते. जोडीची गाडी दिसली तरीही. शिक्षिकाबाईंना मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा. भेटायला घेऊन आल्या होत्या. मी त्याला घेतलं नाही. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. ‘तू त्याला हातात घेतलंस, बरं केलंस. मला कुणी दाखवलंसुद्धा नाही. मुलगा होता की मुलगी तेही मला माहीत नाही.’

मी ते आईला वाचून दाखवलं. दाखवू नये असं वाटत होतं, पण दाखवलं. ती भांडी पुसत होती. हातातलं ताट पुसून झालं, मांडणीत ठेवलं, आणि उभ्या उभ्या म्हणाली, ‘मुलगी होती.’

मग ती बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते, माझं काही घालत नाही.

तुला गुंगीचं औषध दिलं होतं. सिस्टरनं बाहेर येऊन विचारलं, बघायचंय का कुणाला? भावजी मान हलवून जिन्याकडे गेले. आई म्हणाली, मी बघते. हिरव्या कापडात गुंडाळलेली होती. तिथे बसायला जागा नव्हती, म्हणून चादरी ठेवायच्या खोलीत एका गाठोड्यावर आई तिला घेऊन बसली. संध्याकाळ होईपर्यंत बसली. कुणी हटकलं नाही. आई म्हणते, तिचा खालचा ओठ तुझ्यासारखा थोडा पुढे होता, रुसल्यासारखा. बोटं लांब होती. नखं यायची होती. डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती, ती आईनं बोटानं सरळ केली, ती पुन्हा दुमडली. आई तिच्याशी बोलली. काय बोलली ते मला सांगितलं नाही, ते तुलाच सांगेन म्हणते.

मी विचारलं, ‘मग ताईला का नाही सांगितलंस?’

‘न पाहिलेलं लवकर विसरेल असं वाटलं,’ आई म्हणाली. ‘सिस्टरपण म्हणाली, दाखवू नका. मग ती शुद्धीवर आली आणि मला रडू येत होतं, ते येऊ नये म्हणून मी तिच्यावर ओरडले. पाण्याबिण्याचं तोंडाला येईल ते बोलले. बोलून गेले आणि मग ते खरंच वाटायला लागलं. कुठंतरी बोट दाखवायला लागतं ना.’

एवढं सांगून ती उठली आणि उरलेली भांडी पुसली.

त्यानंतर चार दिवस ती मला विचारतेय, तुझ्या गावाला आता पाऊस असतो का, गाडी थेट जाते की बदलावी लागते, स्टेशनपासून तुझं घर किती लांब. काल मी तिचं तिकीट काढलं. बुधवारचं. सोमवारी खालची घरी येणार आणि बुधवारी आई जाणार. माझं कसं होणार ते मला माहीत नाही. लिफ्टवाल्यानं रजा घेतली आहे. तो दूध गरम करतो ते बघून मला धडकी भरते, पण शिकेल. आईच्या बाबतीत तुझा नंबर माझ्या आधीचा आहे.

तिला घ्यायला स्टेशनवर नाही आलीस तरी चालेल, ती विचारत विचारत पोचेल. आल्या आल्या काही बोलणार नाही. आधी तुझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या पुसेल, तू बारीक झालीस म्हणेल, भावजींना ऐकू जाईल अशा बेतानं उसासे टाकेल. तेवढं सोस. मग तिला बसव आणि विचार. तीन वर्षं झाली, आपण कुणीच तिला विचारलं नाही.

आणि दार उघड. नाही उघडलंस तर पायरीवर बसून राहील. तुला तर माहीतच आहे, बसायला लागली की ती संध्याकाळपर्यंत बसते.

ठकी